'ऑफ'ची संगत

'टेक ऑफ' म्हणजे काय, असं विचारलं की माझ्या वर्गात एकच उत्तर येतं: विमानाचं उड्डाण. मग मी फळ्यावर लिहिते, 'टेक ऑफ युअर शूज'. बुटांना काही पंख फुटत नाहीत, त्यामुळे वर्ग विचारात पडतो.

परक्यांना इंग्रजीत सर्वांत जड जातात ती अशी जोडक्रियापदं, हे सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. त्यांच्या यादीत 'टेक ऑफ'ही आहे, पण नक्कल करणे या अर्थाने. विमानं यायला तेव्हा दीड शतक अवकाश होता.

अर्थांची यादी मी पाठ करायला देत नाही. 'ऑफ' म्हणजे सुटणं, एवढा धागा धरायला सांगते. पायातून बूट, धावपट्टीवरून विमान, बिलातून शंभर रुपये, कामातून एक दिवस. दर वेळी काहीतरी कशापासून तरी सुटतं. धंद्याने एकदम उचल खाल्ली तरी 'टेक ऑफ'च. वॉल्ट रोस्टो यांनी तर १९६० साली आर्थिक विकासाच्या एका टप्प्यालाच हे नाव दिलं. नकलेपाशी मात्र धागा फार ताणावा लागतो. तिथे मी सरळ 'लक्षात ठेवा' म्हणते.

मुलं अडतात ती अर्थापेक्षा कर्मापाशी. 'द पायलट टुक ऑफ द प्लेन' हे वाक्य वह्यांत हटकून सापडतं, कारण मराठीत वैमानिक विमान उडवतो. इंग्रजीत इथे कर्म चालत नाही. 'द प्लेन टुक ऑफ', संपलं. बुटांना कर्माची जागा आहे, तीही दोन ठिकाणी: 'टेक ऑफ युअर शूज' किंवा 'टेक युअर शूज ऑफ'. पण सर्वनाम आलं की ते मधेच बसणार: 'टेक देम ऑफ'. बोलताना जोर 'ऑफ'वर. नाम म्हणून 'टेकऑफ' म्हटलं की तोच जोर 'टेक'वर सरकतो.

खरं तर अशा जोडण्या आपल्याला नव्या नाहीत. 'खाऊन टाक' म्हटल्यावर कोणी ताट भिरकावत नाही आणि 'बोलून बसलो' म्हणणारा खुशाल उभा असतो. म्हणून वहीत 'टेक ऑफ'पुढे अर्थ न लिहिता त्याची संगत लिहायला लावते: शूज, प्लेन, बिझनेस, डे.

परवा मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'मॅडम, कॅन आय टेक टुमॉरो ऑफ?' 'टुमॉरो' बरोब्बर मधे. सुट्टी द्यावीच लागली.