आधी निदान, मग पाना

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे अशा माणसांत आईवडील आणि शिक्षकांनंतर मी नानांचं नाव घेतो. आमचं रक्ताचं नातं नव्हतं. साताऱ्यात आमच्या समोरच्या घरात ते राहायचे, एवढाच काय तो संबंध. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत इंजिनं उघडण्यात आणि बांधण्यात त्यांची उभी नोकरी गेली. स्वतःची चारचाकी त्यांनी कधी घेतली नाही. माझ्या जुन्या गाडीला मात्र त्यांनी नवं आयुष्य दिलं, आणि मला विचार करण्याची एक शिस्त दिली.

गाडी होती मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी तिची पहिली चावी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत असंख्य मध्यमवर्गीय घरांची पहिली मोटार हीच होती. माझी कार्बोरेटरवाली, सेकंड हँड घेतलेली. मीटरने दोन लाखांचा आकडा केव्हाच ओलांडला होता. ऑइल कमी होऊ लागलं, मागून धूर दिसू लागला, तेव्हा एका गॅरेजमध्ये सांगण्यात आलं, ‘इंजिन उतरवावं लागेल. बोअर करून नव्या रिंगा टाकायच्या.’ खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या आसपास जात होता. मी गाडी विकायचं ठरवून घरी आलो.

नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही. आधी विचारलं, “मास्तर, धूर कुठल्या रंगाचा? सकाळी पहिल्या स्टार्टला येतो की दिवसभर? चढाला येतो की उतार संपल्यावर?” मला उत्तरं देता येईनात. “मग आधी बघून घेऊ,” म्हणाले, आणि आम्ही पाचगणीला जाऊन आलो.

पसरणीचा घाट चढताना मागे काहीच दिसलं नाही. येताना गाडी गिअरमध्येच ठेवून, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घाट उतरलो. वाईच्या अलीकडे सपाटी लागली आणि पाय दाबला, तसा मागे निळ्या धुराचा लोट उठला. थोड्याच वेळात तो विरलाही. नानांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावून मला कारण समजावलं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. उतारावर कार्बोरेटरची झडप मिटलेली असते, पण चाकांच्या ओढीनं पिस्टन जोरात खालीवर होत असतात. त्यामुळे आत हवेची ओढ वाढते. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील कडक झालेलं असलं, तर वरचं ऑइल त्या दांड्यावरून सिलिंडरमध्ये खेचलं जातं आणि पुन्हा पाय दाबला की जळतं. रात्रभर उभ्या गाडीतही तेच ऑइल हळूहळू झिरपतं, म्हणून सकाळचा पहिला धूर. रिंगा गेल्या असत्या तर चढाला, इंजिनवर ताण असताना, धूर निघत राहिला असता.

तरीही त्यांनी एका पुराव्यावर भरवसा ठेवला नाही. ओळखीच्या दुकानातून कॉम्प्रेशन गेज मागून आणला. इंजिन गरम असतानाच तिन्ही प्लग काढले, इग्निशन कॉइलची वायर सोडवली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला आणि स्टार्टर फिरवत एकेका सिलिंडरचा दाब मोजला. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला. ऑइलमुळे दाब बराच वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. कमी असूनही वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. आमचे तिन्ही आकडे मुळातच जवळजवळ सारखे होते आणि ऑइल घालूनही फारसे हलले नाहीत. “इंजिनाचा तळ चांगला आहे. बोअरला हात लावायचा नाही. हेड काढू, सील बदलू,” नाना म्हणाले.

ते काम आम्ही माझ्या अंगणात केलं. हेडचे बोल्ट सैल करताना बाहेरून आत यायचं आणि आवळताना मधून बाहेर जायचं. तेही एका दमात नाही, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ताण सारखा बसला नाही तर ते वाकतं आणि नवं पॅकिंगही पाणी सोडतं. टायमिंग बेल्ट उतरवण्याआधी खुणा जुळवून घ्यायच्या. प्रत्येक व्हॉल्व्ह काढला की पुठ्ठ्यावर त्याच्या क्रमाने खोचायचा, कारण तो ज्या जागी झिजून बसला आहे त्याच जागी परत गेला पाहिजे. पेस्ट लावून व्हॉल्व्ह आपापल्या जागी घासताना नाना हात धरून दाब शिकवत होते. प्लगचे आटे आधी बोटांनी बसवायचे, पाना अगदी शेवटी. सगळं बांधून झाल्यावर टॅपेट सेट केले आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पुन्हा पसरणीला गेलो. सपाटीला पाय दाबला. मागचा रस्ता स्वच्छ होता.

पुढची कित्येक वर्षं ती गाडी धावली, आणि तिचं बहुतेक काम मी स्वतःच्या हातानं केलं. प्लगचं तोंड वाचायला मी नानांकडून शिकलो: तपकिरी-करडं म्हणजे ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे ऑइल येतंय. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साका जमला तर हेड पॅकिंगवर संशय घ्यायचा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही. ऑइल गाडी कोमट असताना काढायचं, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालायचा आणि काळं ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून ते गोळा करणाऱ्याच्या हवाली करायचं. या सगळ्याची नोंद वहीत: तारीख, किलोमीटर, काय केलं, काय दिसलं. “वही नसली की माणूस आठवणीवर चालतो, आणि आठवण सोयीचं तेवढंच सांगते,” असं ते म्हणत.

हा काटेकोरपणा कुठून आला, हे त्यांनी एकदाच सांगितलं. रात्रीची गाडी आडरानात बंद पडली की आत कुणाचं तान्हं मूल असतं, कुणी दवाखान्यात निघालेलं असतं, कुणाची सकाळी परीक्षा असते. ती सगळी माणसं कार्यशाळेतल्या एका सैल राहिलेल्या बोल्टाची शिक्षा भोगतात. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे एसटीचं ब्रीद नानांच्या हातांत होतं. त्यांनी बांधलेल्या इंजिनांच्या भरवशावर हजारो लोक निर्धास्त झोपून प्रवास करत आले, आणि त्यांतल्या एकालाही त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. त्यांचे पेन्शनचे अर्ज, हयातीच्या दाखल्याचे कागद मी भरून द्यायचो, आणि नातीला गणित शिकवायचो. त्यांना ते पुरेसं वाटे. मला कधीच वाटलं नाही. नाना गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

माझी आजची गाडी कॉम्प्युटरवर चालते. मागे ती मिसिंग करू लागली, तेव्हा स्कॅनरनं दुसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. पण दोष प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे त्या कोडवरून कळत नव्हतं. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल केली. मिसिंग तिसऱ्याकडे गेलं. कॉइल बदलली, काम संपलं. यंत्र नवं होतं, पण कारण सापडल्याशिवाय पाना उचलायचा नाही हा नियम नानांचाच होता. वर्गात मुलाचं गणित चुकलं की मी आजही आधी त्याची पायरी शोधतो, मगच बोलतो. तीही त्यांचीच देणगी.

तुमच्याही गल्लीत असा कुणी असेल: एसटीतून, रेल्वेतून, गिरणीतून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, ज्याच्या हातांत चाळीस वर्षांचं ज्ञान आहे आणि ज्याला कुणी काही विचारत नाही. त्याच्याकडे जा. जुनी गाडी, बिघडलेली मोटर, बंद पडलेला पंप, जे असेल ते घेऊन जा. तो करेल ते नुसतं पाहू नका. तो काय विचारतो ते ऐका आणि वहीत लिहून घ्या. हे ज्ञान पुस्तकांत फार थोडं आहे आणि ती माणसं दर वर्षी कमी होत आहेत.