आत्याला जमेल ते

गेल्या दिवाळीत माळा आवरताना आजोबांच्या तीन रोजकीर्दी सापडल्या. वाईच्या दुकानाचा १९४९ ते १९५२ चा रोजचा जमाखर्च, सगळा मोडीत. आम्ही चुलत-आते मिळून नऊ भावंडं पुणे, नाशिक, बंगलोर, दुबई अशी विखुरलेली. मोडी वाचणारं माणूस घरात एकच उरलंय, आमची आत्या. वय ८१. आजोबांनी तिला लहानपणी गल्ल्यामागे बसवून मोडी शिकवली होती.

ठरलं! पानांचे फोटो काढायचे, आत्याने वाचायचं, आम्ही देवनागरीत उतरवायचं. आता एवढ्या जणांनी एकत्र काम करायचं तर कुठे करायचं? कंप्युटरमधलं मला थोडंफार कळतं असा घरात समज असल्याने ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

मग काय, मी रीतसर तक्ताच केला. गूगल डॉक्समध्ये एकाच कागदावर अनेकांना लिहिता येतं, शिवाय कुणी चुकून काही पुसलं तर आधीचा मजकूर परत आणता येतो. ट्रेलोत कुठलं पान कुणाकडे आहे ते एका नजरेत दिसतं. स्लॅकमध्ये विषयवार वेगळं बोलता येतं, पण फुकट वापरलं तर ९० दिवसांपूर्वीचं दिसत नाही, म्हणून ते बाद. शेवटी फोटो ड्राइव्हवर आणि मजकूर डॉक्समध्ये असं पक्कं केलं, सगळ्यांना लिंक पाठवली आणि स्वतःवर खूश झाले.

आठ दिवस आत्याकडून एक अक्षर नाही. फोन केला तर म्हणाली, "अगं, ते उघडलं की कसला तरी पासवर्ड मागतं. म्हटलं, तुमचं पोरांचं काम चाललंय, मध्ये माझी लुडबुड कशाला?"

लुडबुड! जिच्याशिवाय एक ओळ पुढे सरकणार नाही तिला वाटत होतं की आपण मध्ये मध्ये करतोय. फोन ठेवला आणि मला काका आठवले.

२००४ मध्ये आम्ही घरच्यांचा एक ईमेल गट काढला होता. काका तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. एका बोटाने, रोमन अक्षरांत ते वाड्याच्या गोष्टी लिहायचे. एकेक पत्र लिहायला त्यांना दोन दोन दिवस लागत. २०११ च्या सुमारास आम्ही सगळे फेसबुकवर गेलो. काका आले नाहीत, आणि त्यांना का जमत नाही हे कुणी विचारलंही नाही. पुढे काही महिने ते जुन्या जागीच लिहीत राहिले. उत्तर कुणीच दिलं नाही. मीही नाही. २०१३ मध्ये ते गेले. पुढे ती सेवा बंद झाली तेव्हा आगाऊ सूचना आल्या होत्या, पण आम्ही कधीच न उघडणाऱ्या पत्त्यांवर. पत्रं गेली. दोष कुणाला देणार? उतरवून ठेवायला वेळ होता, आम्ही ठेवली नाहीत.

तसं पाहिलं तर ही साधनं जाण्यासाठीच येतात. गूगल वेव्ह २००९ मध्ये मोठ्या गाजावाजाने आलं आणि २०१० मध्येच त्याचं काम थांबवलं गेलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला. आज आपण जे निवडतो त्याचीही पाळी कधीतरी येणारच.

म्हणून तक्ता बाजूला ठेवला आणि एवढंच पाहिलं, की आत्याला आज काय येतं? ती रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः म्हटलेला अभंग रेकॉर्ड करून पाठवते. झालं की! मी एका पानाचा फोटो पाठवायचा, तिने माइकचं बटण दाबून वाचायचं.

आणि गंमत म्हणजे हेच जास्त चांगलं निघालं. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, ह्रस्व-दीर्घाचा फरक नाही. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याला कळावं लागतं. आत्या वाचताना अडते, पुटपुटते, "नाही नाही, हे 'गुळाची ढेप' आहे" म्हणून मागे जाते. तिने टाइप केलं असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

परवाच्या पानावर गूळ वाटल्याचा पाच आण्यांचा खर्च होता आणि शेजारी मुलीचा ताप उतरल्याची नोंद. रेकॉर्डिंगमध्ये आत्या तिथे थांबते. बराच वेळ मागचा पंखाच ऐकू येतो. मग म्हणते, "माझा गोवर गं हा. दादांनी गूळ वाटला होता? मला कुणी सांगितलंच नाही कधी."

बाकी भावंडं ऐकून डॉक्समध्ये उतरवतात, ते त्यांना सोयीचं आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज शेवटी आपापल्या फोनवरच असतो, फोन गेला की तोही जाऊ शकतो. म्हणून दर रविवारी मी सगळी रेकॉर्डिंग्ज पान क्रमांक घालून हार्डडिस्कवर टाकते आणि एक प्रत नाशिकला पाठवते. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, म्हणजे तो कुठेही उघडेल.

तक्त्यात मी बारा रकाने केले होते. सगळ्यात अवघड कुणाला जाईल आणि बाहेर पडताना सामान नेता येईल का, हे दोन त्यात नव्हतेच.

असो. तिसरी वही अजून अख्खी बाकी आहे आणि आत्याचे डोळे लवकर दमतात. रोज दोनच पानं पाठवायची असं तिने बजावलंय. आजची अजून पाठवायची आहेत.