पावतीवरचं आडनाव

गणपती आठ दिवसांवर आले की कडी वाजते. चार पोरं, हातात पावतीपुस्तक. "काका, पाचशे एक टाकू?" आकडा तेच ठरवतात. मग पेन उघडून विचारतात, "आडनाव?"

पहिल्या वर्षी दिले. खोली भाड्याची, डिपॉझिट घरमालकाकडं अडकलेलं. गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव सांगितलं अन् सुटलो. पावती हातात आली तेव्हा लाज वाटली. पैशाची नव्हं, नावाची.

आय गावाकडून आलेली. म्हणाली, "तुझा आजा येसकर. दारोदार लांबून हाळी द्यायचा. हक्काची भाकर म्हणायचे, पण टाकायचे वरून. आता तेच आपल्या दारात मागाया आलेत, अन् भितोस तू?"

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. तिसरी गौरी-गणपतीचीच. मी ती पाठ म्हणत होतो, पण दार लावून.

यंदा दार सताड उघडलं. खरं आडनाव सांगितलं. म्हटलं, "आम्ही बौद्ध. गणपतीला देत नाही. अन् वर्गणीला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, १९५० चा कायदा आहे. कागद दाखवा." पोरं एकमेकांकडं बघत जिना उतरली.

मित्रांनो, १४ एप्रिलच्या आधी आपणही पावतीपुस्तक घेऊन निघतो. कुणाच्या उंबऱ्यावर पाय रोवू नका. देईल ते घ्या, हिशेब भिंतीला लावा.

घरमालक अजून काही बोललेला नाही. करार मार्चात संपतो.