बीबी अंबर कुंवर

अठराव्या शतकातल्या दख्खनी चित्रांत नटलेल्या स्त्रिया पुष्कळ भेटतात, पण त्यांतल्या फार थोड्यांना स्वतःचा चेहरा आहे. हातावर ससाणा घेऊन घोड्यावर बसलेली चांदबीबी चित्रकारांनी पुन्हा पुन्हा रंगवली, तीही ती जाऊन शंभर वर्षे उलटल्यावर. पडद्याआडची स्त्री चित्रकाराच्या नजरेला सहसा पडत नसे. मग तो टोकदार नाक, लांब डोळा, एका बाजूने दिसणारा गाल असा ठरीव चेहरा काढी. ही चित्रे देखणी आहेत, मला मनापासून आवडतात. व्यक्तिचित्रे म्हणून मात्र मी ती शिकवत नाही.

म्हणूनच जेम्स वेल्सने 1792 च्या सुमारास रंगवलेले बीबी अंबर कुंवरचे व्यक्तिचित्र मला मोलाचे वाटते. स्कॉटलंडचा वेल्स 1791 मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्याला गेला. इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट तिथे संगमावर राहत असे. त्याच्या ओळखीने वेल्सला पेशव्यांचा दरबार खुला झाला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे त्याने केलेले प्रसिद्ध चित्र याच काळातले. मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळाही निघाली आणि गंगाराम तांबटासारखा गुणी चित्रकार पुढे आला. पण वाड्यातल्या स्त्रिया परक्या पुरुषापुढे कशा येणार? अंबर कुंवर मॅलेटची सहचरी, त्याच्या मुलांची आई. ती चित्रकारासमोर बसली.

तैलचित्राला अशी बैठक लागतेच. गालावरचा उजेड, कातडीची छटा समोर पाहून थरावर थर चढवावे लागतात. वेल्सला तिच्याकडे निरखून पाहावे लागले आणि तिला ते सोसावे लागले. यात तिचा धीर मला दिसतो.

बोरिवलीकर म्हणून वेल्सशी माझे आणखी एक नाते आहे. आमच्या कान्हेरीच्या लेण्यांची रेखाटने करताना त्याला ताप भरला आणि नोव्हेंबर 1795 मध्ये ठाण्यात त्याचा अंत झाला. विद्यार्थ्यांना कान्हेरीला नेते तेव्हा तीन क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरल्या जोडप्यांपुढे मी बराच वेळ थांबते. भरगच्च दागिन्यांतल्या त्या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने, ताठ उभ्या आहेत. पण त्या कोण, हे विचारले की गाडी अडते.

अंबर कुंवरचे निदान नाव उरले. मॅलेट 1798 मध्ये मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने लग्न केले, तेही वेल्सच्याच मुलीशी, सुझॅनाशी. पुस्तकांतून अंबर कुंवर येते ती मॅलेटच्या चरित्रातल्या एका ओळीपुरती, आणि ते मला सलते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल रचून ठेवले आहेत. मोडी वाचणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकाने रेसिडेन्सीशी झालेल्या व्यवहारांचे कागद तिच्यासाठी म्हणून पुन्हा चाळावेत, अशी माझी फार इच्छा आहे.