ओझ्याचा हिशेब

माणसाच्या गरजा अमर्याद आणि साधने मर्यादित, असे अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात वाचले होते. आमच्या घरी गरजाही मर्यादित आहेत आणि साधनेही. अमर्याद असते ते फक्त सामान. पाहुणा जायला निघाला की आईला काही ना काही आठवते आणि पिशवीचे पोते होते. पण 2025 च्या मे महिन्यात जे सामान आम्ही मायलेकींनी भालकी तालुक्यातल्या आमच्या गावाहून तेलंगणातल्या मावल्याला नेले, त्यात हौस नव्हती, निकड होती. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून त्या प्रवासाचा जमाखर्च मी वहीत मांडला होता. तोच वाचकांपुढे ठेवते.

माझी अक्का तीन वर्षांपूर्वी मावल्याला दिली. मावला म्हणजे आदिलाबाद शहराला लागून, राष्ट्रीय महामार्ग 44 वरचे गाव. 2016 साली ते मंडलाचे ठिकाणही झाले. गावाजवळ मोठा तलाव आहे आणि भोवती कापसाची शेते. तिथे तेलुगू चालते, उर्दू चालते, आणि मराठीही घराघरांत ऐकू येते. अक्काच्या घरी खाऊनपिऊन सुखी आहेत. पण हातात स्वतःचा पैसा नसला की बाईला चार आण्यांची सुई घ्यायलाही कुणाला तरी सांगावे लागते. एप्रिलमध्ये तिचा फोन आला. तिच्या बचतगटाकडे शाळेच्या गणवेशांचे शिवणकाम येत होते. ज्या बाईकडे मशीन असेल तिलाच काम मिळणार, आणि जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी कपडे तयार हवेत. ती म्हणाली, "आई, तुझी मशीन नुसतीच पडून आहे ना गं?"

मशीन पडूनच होती. पायाने चालवायची, काळ्या रंगाची, जुनी उषा. अक्का त्याच मशीनवर शिवायला शिकली. नवी घ्यायची तर सहा-सात हजार रुपये, आणि ते मागायचे कुणाकडे, हा प्रश्न अक्काने फोनवर बोलून दाखवला नाही. आईला तो न बोलताच कळला.

मी गावातल्या अडत दुकानाच्या काट्यावर सगळे तोलून आणले. मशीनचे डोके 12 किलो, लोखंडी स्टँड 17, वरची फळी आणि झाकण 8. एकूण 37 किलो. एवढ्यावर थांबेल ती आई कसली! तुरीची डाळ 10 किलो, ज्वारीचे पीठ 5, आणि दोघींचे कपडे व किरकोळ सामान 6. बेरीज 58 किलो. माझे स्वतःचे वजन 46 आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

मालवाहू गाडीवाल्याने सांगितलेला दर ऐकून आईने फोन माझ्या हाती दिला. मग मी एस.टी.चा हिशेब मांडला, आणि तो फार गमतीचा निघाला. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजना आहे. राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट शून्य. महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून एस.टी.मध्ये सर्व महिलांना निम्मे भाडे. तेलंगणात 9 डिसेंबर 2023 पासून महालक्ष्मी योजना, तिथेही बायकांचा प्रवास मोफत. वाचताना वाटते, बाईमाणसाने भालकीहून उठावे आणि पदराला गाठ न सोडता आदिलाबादला उतरावे! पण अट बारीक अक्षरात असते. शक्तीची सवलत कर्नाटकातल्या रहिवासी बाईला आणि कर्नाटकाच्या हद्दीतच. आंतरराज्य गाडीत ती चालत नाही. महालक्ष्मी तेलंगणातल्या रहिवासी बाईला आणि तेलंगणाच्या हद्दीतच. म्हणजे आम्ही दोघी घरी फुकट, शेजारी निम्म्या आणि अक्काच्या दारात पुऱ्या भाड्याच्या.

शिवाय सवलतीचा फायदा घ्यायचा तर सीमेसीमेवर गाडी बदलायला हवी. हातात पर्स असेल तर ते ठीक आहे. 58 किलो असतील तर प्रत्येक बदल म्हणजे एकदा उतरवणे आणि एकदा चढवणे. मी वहीत किलोमीटरचा रकाना खोडला आणि त्या जागी 'उचल' असे लिहिले. बसने जायचे तर बारा उचली होत होत्या. जड सामानाच्या प्रवासात अंतर भाड्याने मोजतात, पण दम उचलीने मोजावा लागतो.

हा हिशेब चालू असताना आजी ओसरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्या वेळी हे तीन-तीन राज्यांचं झेंगट कुठं होतं?" आजीचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. तिचे माहेर किनवट. 1955 साली तिचे लग्न झाले तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते, उदगीर आमच्याच बिदर जिल्ह्यात होते आणि हे सगळे एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढच्या वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, भाषावार प्रांतरचना झाली. भालकी म्हैसूर राज्यात गेली, उदगीर आणि किनवट मुंबई राज्यात, आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात. 2 जून 2014 रोजी तेलंगण वेगळे झाल्यावर त्यातही नाव बदलले. आजी तांब्याचा हंडा आणि दगडी जाते घेऊन सासरी आली ती एका राज्यातल्या एका राज्यात. नंतर तिचे माहेर परराज्यात गेले. ती जागची हललीही नव्हती. प्रांतरचना झाली म्हणून आम्हाला आपापल्या भाषेत शाळा मिळाल्या, मी मराठीत शिकले, हे मी विसरत नाही. पण सोयरीक काही प्रांतरचनेला विचारून होत नाही. ती अजूनही जुन्या नकाशाप्रमाणेच चालते.

हे फक्त आपल्याकडेच, असे मला वाटत होते. माझा मामेभाऊ जर्मनीत शिकतो. त्याला फोनवर ही हकिकत सांगितली तर तो हसायला लागला. तो म्हणाला, "अगं, आमच्याकडे हेच चालतं." युरोपातल्या देशांनी 14 जून 1985 रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावी करार केला आणि मार्च 1995 पासून त्यांच्यातल्या सात देशांनी आपसातली सीमेवरची तपासणी उठवली. त्या गावाजवळ लक्झेंबर्ग, जर्मनी आणि फ्रान्स या तिघांच्या सीमा मिळतात. लक्झेंबर्गने फेब्रुवारी 2020 अखेर देशातल्या बस, रेल्वे, ट्राम साऱ्यांना मोफत केल्या. पण मोफत प्रवास देशाच्या हद्दीपर्यंतच. जर्मनीत मे 2023 मध्ये महिना 49 युरोचा पास निघाला. तो साध्या गाड्यांना चालतो, लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना नाही. विमान तर याहून वस्ताद! रायनएअर नावाची कंपनी स्वस्त तिकिटासाठी प्रसिद्ध आहे, पण विमानाच्या पोटात टाकायच्या बॅगेचे पैसे ती 2006 पासून वेगळे घेते. भाऊ एका देशातून दुसऱ्या देशात खोली बदलायला निघाला, तेव्हा बॅगांचे भाडे त्याच्या स्वतःच्या तिकिटाहून जास्त होत होते. शेवटी तो रेल्वेने गेला, कारण तिथे बॅग कुणी तोलत नाही. "फक्त उचलायला कुणी नसतं," एवढे तो पुढे म्हणाला. आईने ते ऐकले आणि तिचा चेहरा उतरला.

आम्हीही रेल्वेच ठरवली. रेल्वेला राज्याची सीमा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला 35 किलो सामान मोफत नेता येते, स्लीपरच्या प्रवाशाला 40. आम्ही दोघी, म्हणजे 70 किलोपर्यंत हक्काचे. अडचण आकाराची होती. स्टँड उभा बाकाखाली जाईना. मग गावातल्या मिस्त्रीकाकांनी तो सोडवून दिला. दोन बाजूंचे पाय, मधली पट्टी, चाक, पायडल, सगळे वेगळे करून गोणपाटात बांधले. डोके जुन्या गोधडीत गुंडाळले. स्क्रू आईने रुमालात बांधून कमरेला खोचले. दागिने खोचावेत तसे.

गावाहून भालकीपर्यंत बस. कंडक्टरने दोन शून्य तिकिटे फाडली आणि गोणपाटाकडे बघून कन्नडमध्ये विचारले, "इदु एनु अद?" मी म्हटले, "होलिगे मशीन. भाळ वज्जे अद." तो हसला आणि एक टोक धरू लागला. मराठीतले ओझे आणि आमच्या भागातल्या कन्नडमधले वज्जे ही सख्खी भावंडे असावीत असे मला नेहमी वाटते. कन्नड विभागाच्या संपादकांनी यावर प्रकाश टाकावा.

भालकीहून रेल्वेने उदगीर, लातूर रोड, परळी, परभणी करत नांदेड. जनरल डबा होता. पहिल्या तासात लोकांनी आमच्या पोत्यांवर राग धरला, दुसऱ्या तासात त्यावर बसले आणि तिसऱ्या तासात त्यात काय आहे हे विचारून उतरताना हात लावला. नांदेडला रात्र काढायची होती. सामान क्लोकरूममध्ये ठेवून गुरुद्वाऱ्यात लंगरला जावे असा माझा बेत होता. पण क्लोकरूममध्ये कुलूप लावलेलेच सामान घेतात, आणि गोणपाटाला कुलूप कसे लावणार? तेव्हा एकीने बसायचे आणि एकीने जायचे असे केले.

पहाटे दुसऱ्या फलाटावर जायचे होते. हमालदादा आले. लाल सदरा, दंडाला बिल्ला, वय आईएवढे असेल. दर ठरला. मी म्हटले, "एका खेपेत सगळं नेता का?" ते काही बोलायच्या आतच आई म्हणाली, "नाही, दोन खेपा करा, दादा. दोन्हीचे पैसे घ्या." भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी पाऊण तास घासाघीस करणारी माझी आई! मी नंतर विचारले तर म्हणाली, "भाजीचा भाव करावा, बाळ. पाठीचा करू नये." कॉस्ट अकाउंटिंगच्या पुस्तकात हे वाक्य मला कुठे सापडले नाही.

नांदेडहून मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत गाडी किनवटला आली. आजीने सांगून ठेवले होते, "किनवट आलं की खिडकीतून बघ." तिथे आता आमचे कुणी राहत नाही. मी बघितले, स्टेशन, झाडे, पलीकडे उन्हातली घरे. आईने मात्र हात जोडले. किनवटला एक बाई चढली आणि आमची पोती पाहून म्हणाली, "लेकीकडं चालला का?" कसे ओळखले म्हणून विचारले, तर म्हणाली, "लेकाकडं जाताना कुणी एवढं नेतं का?"

आदिलाबादला अक्का आणि तिच्या गटातल्या दोन बाया रिक्षा घेऊन उभ्या होत्या. रिक्षावाल्याने पोते उचलले आणि "बरुवु!" म्हणून ओरडला. ओझ्याचे तिसरे नाव कळले. त्या संध्याकाळी मावल्याला अक्काच्या पडवीत मशीन पुन्हा उभी राहिली. आईने रुमाल सोडून एकेक स्क्रू दिला, एकही कमी नव्हता. अक्काच्या सासूबाई इतका वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. चाक फिरल्यावर त्या आत गेल्या आणि तेलाची बाटली घेऊन आल्या. त्या बाटलीने आईच्या मनातले निम्मे ओझे उतरले असावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सुया-दोरा आणायला बसने आदिलाबादला गेलो. अक्काला शून्य तिकीट, आम्हा दोघींना पैसे. एका आईच्या दोन लेकी, एकाच बाकावर, आणि तिकिटे दोन प्रकारची! कंडक्टरचे काही चुकले नव्हते. नियम तसाच आहे. पण मला वाटले, ज्या तीन सरकारांनी बाईने घराबाहेर पडावे म्हणून एवढा खर्च सोसला, त्यांनी एकदा एकत्र बसून सीमेपलीकडे माहेर असणाऱ्या बाईचाही विचार करावा. बिदर, नांदेड, आदिलाबाद या पट्ट्यात अशा बाया थोड्या नाहीत. युरोपातले देश एका नदीकाठच्या गावी बसून ठरवू शकले. आपली तर राज्ये आहेत, देश एकच आहे.

आता शेवटचा ताळेबंद. रेल्वेची तिकिटे, हमाली, रिक्षा, चहा आणि दोन वेळचे खाणे धरून आमचा खर्च मालवाहू गाडीच्या दराच्या निम्म्याहूनही कमी झाला. खर्चाची बाजू अशी नीट लागली. पण कंडक्टरने धरलेले टोक, डब्यातल्या लोकांचे हात, गटातल्या बायांनी सोडलेली अर्ध्या दिवसाची मजुरी, हे कोणत्या खात्याला टाकायचे ते मला ठरवता आले नाही. स्वस्त प्रवासात जो पैसा वाचतो, तो कुणीतरी खांद्याने भरलेला असतो. तो वाचवणाऱ्याने निदान ध्यानात तरी ठेवावा.

जूनमध्ये अक्काने 32 सदरे शिवून दिले. पहिला पैसा हाती आला तेव्हा तिने आईला फोन केला आणि रक्कम सांगितली. आईने ती मला वहीत लिहायला लावली. जमेच्या बाजूला, अक्काच्या नावाने.