खोडरबराचा प्लग, पुठ्ठ्याचा बोर्ड

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, पुठ्ठ्याच्या घरात एलईडीचा दिवा आपण सगळेच लावतो. या वेळी त्या दिव्याला छोटा प्लग आणि सॉकेटही मुलांकडून करून घ्या. दोन तासिका पुरतात. माझ्या चौथीच्या वर्गात तरी पुरल्या.

खोडरबराच्या तुकड्यातून दोन टाचण्या आरपार टोचायच्या, मध्ये साधारण 5 मिलिमीटर अंतर. डोक्याकडच्या बाजूला सोललेली वायर घट्ट गुंडाळून वर चिकटपट्टी. टोकं पकडीने तुम्हीच तोडा. झाला प्लग. सॉकेटसाठी तांब्याची उघडी तार टाचणीभोवती सात-आठ वेढे गुंडाळा आणि टाचणी काढून घ्या, पोकळ स्प्रिंग उरते. अशा दोन स्प्रिंगा जाड पुठ्ठ्याच्या भोकांत बसवा, एकमेकींना लागू देऊ नका. दिवा लुकलुकला तर स्प्रिंग जरा चिमटीत दाबायची. दोन पेन्सिल सेल, म्हणजे 3 व्होल्ट, आणि पांढरा एलईडी. नाहीच लागला तर प्लग उलटा करून बघा.

आता खरी गंमत. एखादा गट हमखास सेल प्लगला जोडतो आणि दिवा सॉकेटला. दिवा लागतोही! लगेच चूक काढू नका. प्लग उपसायला सांगा आणि त्या उघड्या पिनांना दुसरा एलईडी टेकवा. तोही लागतो. मग विचारा, घरात प्लग असा लोंबत असता आणि त्यात 230 व्होल्ट असते तर? वर्ग गप्प झाला. मग मागून एक मुलगी म्हणाली, "म्हणून भिंतीला भोकं आणि मिक्सरला पिना, होय ना सर?" पाठ्यपुस्तकातली आकृती दाखवून हे उत्तर मला कधी मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलं घरचे प्लग बघून आली. तिसरी पिन जाड आणि लांब का? ती अर्थिंगची, आत जाताना सगळ्यात आधी लागते आणि निघताना शेवटी सुटते. बऱ्याच सॉकेटमध्ये आतला पडदाही तीच उघडते. यावर एकाने सांगितलं, "आमच्याकडे त्यात पेन घालतात." दुसऱ्याच्या घरी मोटारीच्या उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्या खोचून बसवतात.

पालकहो, हे तुमच्यासाठी. मुलं बघत असतात. ते पेन आणि त्या काड्या आजच बंद करा, तीस-चाळीस रुपयांचा थ्री-पिन प्लग आणा.

आणि हो, मुलांनी केलेले प्लग मी घरी देत नाही. दोन्ही पिना भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणार नाहीत, पण एक टाचणी जाऊ शकते. घर न्या, दिवा न्या, प्लग वर्गाच्या कपाटात.