दहा हजारांत घरची व्यायामशाळा वाढवताना



दर वेळी मी इथे वर्गातला एखादा पाठ घेऊन येते. आज विषय जरा घरचा आहे, पण त्यात चौथीचं गणितही येणार आहे, त्यामुळे अगदीच विषय सोडून बोलतेय असं समजू नका.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शाळेतून घरी आले तर आमच्या आई, म्हणजे सासूबाई, स्वयंपाकघरात फरशीवर बसलेल्या. ओल्या फरशीवर पाय सरकून पडल्या होत्या. मनगट सुजलं होतं, बाकी मार विशेष नव्हता. पण त्यांना उठता येत नव्हतं, आणि मला त्यांना उठवता येत नव्हतं. काखेत हात घालून ओढलं तर त्या ओरडल्या, माझ्या कमरेत कळ आली आणि आम्ही दोघी खाली. आमचे हे कामावर, मुलगी ट्यूशनला. वरच्या मजल्यावरचा मुलगा येईपर्यंत वीस मिनिटं आम्ही तशाच बसून होतो. आई मला म्हणाल्या, "आगं, एका पोरीला म्हातारी उचलंना व्हय?" त्या चेष्टेनं म्हणाल्या, पण मला रात्रभर झोप लागली नाही. माझं वय चौतीस, त्यांचं सदुसष्ट, त्यांचं वजन 62 किलो. पुढची दहा-पंधरा वर्षं मीच त्यांच्याजवळ असणार आहे.

तसं पाहिलं तर आमच्या घरात 'जिम' आधीपासून होती. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेली योगाची चटई, दोन-दोन किलोची प्लास्टिकची डंबेल्सची जोडी आणि एक दोरी. दोरी पहिल्याच आठवड्यात बंद झाली, कारण खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. डंबेल्स दाराला अडसर म्हणून छान उपयोगी पडत होती.

मधल्या काळात वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता जमा झाला होता. त्यातले दहा हजार बाजूला काढले आणि यांना सांगितलं, की आता जिम वाढवायची. हे म्हणाले, "ट्रेडमिल घेऊ, हप्त्यावर." आमच्याकडे पहिला वाद इथेच झाला, आणि तुमच्याकडेही इथेच होईल. आम्ही कराडला राहतो. घरापासून प्रीतिसंगम चालत पंधरा मिनिटं. कृष्णा-कोयनेच्या काठानं फुकट चालायचं सोडून खोलीत पट्ट्यावर चालायला अठरा-वीस हजार कशाला? शिवाय ट्रेडमिल एकच काम करते. मला चालता येत होतंच की. मला उचलता येत नव्हतं.

म्हणून दुकानात जायच्या आधी वहीत एकच प्रश्न लिहिला : या घरातल्या कोणाला काय करता आलं पाहिजे? मला जमिनीवरून वजन उचलता आलं पाहिजे. आईंना खुर्चीवरून आणि जमिनीवरून स्वतः उठता आलं पाहिजे. बस, दोनच ओळी. त्यात न बसणारी वस्तू कितीही स्वस्त असली तरी नको. (पोटाची चरबी कमी करणारा तो गोल चाकाचा प्रकार 300 रुपयांत मिळत होता. मोह झाला, खोटं कशाला बोलू.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना आपल्याला साधारण माहीत असतात : मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा. आपण सगळे तेवढंच लक्षात ठेवतो. त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे, आणि 65 वर्षांपुढच्यांसाठी तोल आणि ताकद यांचा व्यायाम तीन किंवा अधिक दिवस. म्हणजे आईंना माझ्यापेक्षा जास्त दिवस! हे वाचून त्या खूश झाल्या नाहीत.

आता वजनं. इथे मी माझ्या वर्गाची मदत घेतली. चौथीला किलोग्रॅम-ग्रॅम चालू होतं, तेव्हा मोबाईलवरच्या दोन जाहिराती फळ्यावर लिहिल्या. एक, 20 किलोचा 'होम जिम सेट' 1,900 रुपये. दोन, रबराची पाच-पाच किलोची डंबेल्स, जोडी 1,800 रुपये. किलोला कितीला पडलं? मुलांनी काढलं : 95 रुपये आणि 180 रुपये. मग पहिला सेट स्वस्त, असं सगळे एकसुरात ओरडले. मागच्या बाकावरच्या एकानं हात वर केला, "बाई, पण त्यात दोरी आणि हातमोजे पण हायत. त्यांचं पैसे कुठं धरलं?" दुसरी म्हणाली, "आणि आत काय भरलंय?" मला वाटतं त्या दिवशीचा माझा तास तिथेच सार्थकी लागला.

आत काय भरलंय हाच खरा प्रश्न. स्वस्त सेटमधल्या चकत्या प्लास्टिकच्या कवचात सिमेंट किंवा वाळूचं मिश्रण भरून केलेल्या असतात. लोखंड सिमेंट-काँक्रीटपेक्षा साधारण तिप्पट जड. म्हणून तेवढ्याच वजनाची प्लास्टिकची चकती जाडजूड होते, दांड्यावर दोन-चार चकत्या चढवल्या की जागा संपते, आणि एकदा कवच फुटलं की खोलीभर वाळू. दुसऱ्या दिवशी मी किराणा दुकानातलं लोखंडी एक किलोचं वजनमाप आणि तराजू नेला. दुसऱ्या पारड्यात वाळू टाकली. लोखंड मुठीत मावत होतं, वाळूनं दोन ग्लास भरले. करून बघा वर्गात, मुलं विसरत नाहीत.

रबराची षटकोनी डंबेल्स चांगलीच असतात, गडगडत नाहीत, फरशी फोडत नाहीत. पण पाच किलोची जोडी हलकी वाटू लागली की साडेसातची घ्या, मग दहाची. आपल्या पगारात हे बसत नाही. त्यापेक्षा लोखंडी चकत्या आणि रिकामे दांडे घेतले तर त्याच चकत्या डंबेलला लागतात, त्याच मोठ्या दांड्याला लागतात.

जवळच्या एका गावात बंद पडलेल्या जिमचा माल विकायला होता. किलोला 80 रुपये. जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवल्या, त्या तुम्हीही ठेवा. पहिली, भोकाचं माप. साध्या चकत्यांचं भोक पंचवीस-तीस मिलिमीटरच्या आसपास असतं, ऑलिंपिक प्रकारच्या चकत्यांचं 50 मिलिमीटर. मोठ्या भोकाची चकती बारीक दांड्यावर खुळखुळते. मी माझे नवे दांडे पिशवीत घालून सोबतच नेले आणि प्रत्येक चकती घालून पाहिली. विकणारा हसत होता, हसू दे. दुसरी गोष्ट म्हणजे वजन. 5 किलो असा उठाव असलेली चकती 5 किलोचीच असेल असं नाही. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर सगळा माल ठेवला. पाच किलोच्या चार, अडीच किलोच्या दोन, सव्वा किलोच्या चार. कागदावर 30 किलो, काट्यावर 29. पैसे 29 चे दिले, 2,320 रुपये.

सव्वा किलोच्या चकत्या मुद्दाम घेतल्या. त्या दिसायला चिल्लर, पण खरी प्रगती त्यांच्यावरच होते. आपण पहिलीच्या मुलाला दोनच्या पाढ्यावरून एकदम बाराच्या पाढ्यावर नेतो का? तसंच इथेही. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा म्हणजे एका वेळी अडीच किलोची वाढ, आणि ती अंगाला पेलते.

डंबेलचे दोन दांडे, पकडीच्या चाव्यांसह, 700. पाच फुटी भरीव दांडा 1,100, तो स्वतःच सहा किलोच्या आसपास भरला. जाड रबराचे दोन तुकडे फरशीवर टाकायला 1,200. हे तुकडे घेताना जीवावर आलं होतं, त्यात वजन नाही, दिखावा नाही. पण खालच्या काकूंशी संबंध टिकवायचे तर ते पहिले घ्यावेत. ताणायचे रबरी पट्टे, तीन ताकदींचे, 900. हे पट्टे गॅलरीत टांगू नका. उन्हानं रबर चिरतं आणि ऐन ताणात तुटलं तर थेट तोंडावर येतं. आमचे स्टीलच्या डब्यात असतात, वापरायच्या आधी ओढून चिरा पाहायच्या. बांधायचे तर खिडकीच्या पक्क्या गजाला, दाराच्या कडीला नाही.

आणि शेवटची वस्तू म्हणजे न्हाणीघरात भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा, बसवणावळीसह 850. हे म्हणाले, "हे कुठं जिमचं सामान?" मी तो जिमच्याच यादीत लिहिला.

बेरीज 7,070. उरले 2,930.

बाक घेतला नाही. साडेतीन हजारांचा होता, आणि आमची मोकळी जागा सात बाय नऊ फूट, त्यातून गॅलरीत जायची वाट. छातीचा व्यायाम जमिनीवर पडून होतो, भिंतीला हात लावून जोर काढता येतात. मुद्गलही घेतलं नाही, आणि याचं मात्र वाईट वाटतं. आईंचे मोठे भाऊ गावच्या तालमीत जायचे. "मुद्गल घे, करेला घे, ह्ये इंग्रजी काय कामाचं," असं त्यांचं चालू होतं. मुद्गलाचं वजन मुठीपासून लांब असतं, त्यामुळे चार किलोचंही अंगाला दुप्पट वाटतं, खांदा असा मोकळा करणारं साधन दुसरं नाही. पण ते घुमवायला जागा आणि उंची लागते. आमच्या डोक्यावर पंखा आहे.

फुकटची साधनं तर विचारूच नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपण मुलांना शिकवतो आणि स्वतः विसरतो. पाच लिटरचा कॅन भरला की पाच किलो, अर्धा भरला की अडीच. आणि खराट्याचा दांडा! फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला वजनाला हातच लावू दिला नाही आधी. दांडा पाठीला उभा धरायचा. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही जागी टेकलेला राहिला पाहिजे, आणि तसंच कमरेतून वाकायचं. पंधरा दिवस मी खराटा घेऊन वाकत होते. मुलगी म्हणाली, आई चेटकीण झाली.

त्याच बाईंनी दुसरी गोष्ट शिकवली, ती तुम्हालाही सांगते. माणूस पडलं की लगेच काखेत हात घालून ओढायचं नाही. आधी कुठे फार दुखतंय का, हाताला-पायाला काही झालंय का ते विचारायचं. तशी शंका आली तर हलवायचंच नाही, मदत बोलवायची. बरं असेल तर कुशीवर वळवायचं, मग हात-गुडघ्यांवर, समोर भक्कम खुर्ची द्यायची, दोन्ही हात खुर्चीवर, मजबूत पाय पुढे आणि मग वर. म्हणजे मी त्या दिवशी जे केलं ते सगळंच चुकीचं होतं. ताकद हवीच, पण नुसती ताकद असती तर मी त्यांचा खांदा उखडला असता.

आईंची चाचणीही खुर्चीचीच. हात छातीवर, 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. 65 ते 69 वयाच्या बाईला 11 पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीखाली धरतात. डॉक्टरांना विचारून, रक्तदाब दाखवून सुरू केलं तेव्हा आईंना 6 जमलं. खुर्चीवर दुमडलेली गोधडी ठेवून उंची वाढवली, दर पंधरवड्याला एक घडी कमी करत गेलो. परवा 10 झाले. त्या म्हणतात 11, पण मुलगी मोजत होती आणि ती आजीची एक बैठक धरायला तयार नाही.

मी 16 किलोंपासून सुरुवात केली. आता दांडा आणि सगळ्या चकत्या मिळून 35 जमिनीवरून उचलते. म्हणजे सामान संपलं! उरलेल्या पैशात दहा-दहा किलोच्या दोन चकत्या बसल्या असत्या, पण त्या जुन्या जिमचा माल गेला. शोधात आहे. तुमच्याकडे कुणाचं काही पडून असेल तर कळवा, मात्र काट्यावर घालूनच घेईन.

एक अडचण राहिलीच. आमच्या चकत्या लहान, त्यामुळे दांडा जमिनीला फार जवळ राहतो आणि पाठ वाकते. म्हणून दोन्ही बाजूंना चकत्यांखाली एकेक जेवायचा पाट ठेवते, उंची बरोबर होते. कालच आई पाटावरची काळी गोल खूण दाखवत आल्या, "गणपतीला माझं पाट धुऊन पुसून परत पायजेत हं." सुताराला दोन ठोकळे सांगितलेत. तीनशे म्हणाला, अडीचशेत करेल.